वाचकांचे प्रश्न : जहाज हळू चालवले की इंधन खरेच वाचते का?

प्रश्न : माझा धाकटा मुलगा मालवाहू जहाजावर ज्युनिअर इंजिनिअर आहे. जहाज १४ नॉटने (ताशी १४ सागरी मैल) जाऊ शकते, तरी कंपनीने १२ नॉटच्या वर जाऊ नये असे कळवले आहे. प्रवासाचे दिवस वाढले की तेलही जास्त लागणार, मग बचत कोठून होते? आणि एवढे मोठे इंजिन कमी भारावर चालवल्याने खराब होत नाही का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : दिवस वाढतात हे आपले म्हणणे बरोबर आहे, परंतु रोजचा खर्च त्याहून कितीतरी अधिक घटतो. जहाज पुढे रेटण्यासाठी लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. समजा, १४ नॉटला मुख्य इंजिन दिवसाला ३० टन तेल जाळते. १२ नॉटला तेच सुमारे १९ टनांवर येते. ३,३६० सागरी मैलांचे अंतर पहिल्या वेगाने १० दिवसांत कापले तर ३०० टन लागतील, दुसऱ्या वेगाने पावणेबारा दिवसांच्या आतच आणि जवळपास २२० टनांत ते पार होईल. वाढलेल्या दिवसांत जनरेटर चालू राहतात, त्यांचे तेल यातून वजा करावे लागते. तरीही हातात मोठी बचत उरते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत पंपाच्या मोटरला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारे उपकरण, बसवतात त्यामागेही हाच घनाचा नियम आहे, आणि जहाजावर समुद्राचे पाणी खेचणाऱ्या कूलिंग पंपांनाही आता ते बसवले जातात.

इंजिनाविषयीची आपली काळजी मात्र अगदी योग्य आहे. भार फार उतरला की टर्बोचार्जर (धुराच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणारे यंत्र) पुरेशी हवा देऊ शकत नाही, ऑक्झिलरी ब्लोअर (हवा देणारे विजेचे पूरक पंखे) सुरू होतात, ज्वलन अपुरे राहते आणि काजळी धुराच्या मार्गात, विशेषतः एक्झॉस्ट बॉयलरच्या (धुराच्या उष्णतेवर वाफ तयार करणाऱ्या बॉयलरच्या) नळ्यांवर साचते. ही काजळी पेटली तर नळ्या वितळण्यापर्यंत वेळ येऊ शकते. म्हणून दीर्घकाळ हळू चालणाऱ्या जहाजावर उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे अधूनमधून काही वेळ भार वाढवतात, नळ्यांवरची काजळी नियमित उडवतात आणि सिलिंडर ऑइलचे (सिलिंडरमधल्या वंगणाचे) प्रमाण भाराप्रमाणे बदलतात. १४ वरून १२ नॉटवर येणे म्हणजे शक्ती साधारण ६३ टक्क्यांवर येणे. एवढा भार बहुतेक इंजिनांना सहज सोसतो. खरी जोखीम याच्या बरीच खाली सुरू होते.

कंपनीच्या आदेशामागे नियमही असू शकतो. १ जानेवारी २०२३ पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या मार्पोल या जहाजांचे प्रदूषण रोखणाऱ्या करारानुसार ५,००० ग्रॉस टन व त्यावरील मालवाहू जहाजांना दरवर्षी कार्बनच्या हिशेबाने ए (सर्वांत चांगली) ते ई (सर्वांत वाईट) अशी श्रेणी मिळते. एक वर्ष ई किंवा सलग तीन वर्षे डी मिळाली तर सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो.

मला सर्वांत खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. भाडेकरारात लवकरात लवकर पोहोचण्याची अट असते, म्हणून जहाज पूर्ण वेगाने धावते आणि बंदरात धक्का रिकामा नसल्याने बाहेर नांगर टाकून दिवसेंदिवस थांबते. वाटेत जास्त जाळलेले तेल वाया जातेच, शिवाय उष्ण पाण्यात उभ्या जहाजाच्या तळाला शेवाळ आणि बार्नेकल (चिकटून बसणारे कवचाचे जीव) धरतात, आणि त्या खरबरीत तळामुळे पुढच्या प्रत्येक फेरीत त्याच वेगासाठी जास्त तेल द्यावे लागते. धक्का केव्हा मिळेल हे बंदराने आधी कळवावे आणि त्या बेताने जहाजाने वेग ठेवावा, यासाठी नवे यंत्र लागत नाही. जहाजमालक, भाडेकरू आणि बंदर यांनी करार बदलण्याची तयारी लागते. इंजिन रूममधल्या माणसाने कितीही जिवापाड कष्ट घेतले तरी ही उधळपट्टी त्याला थांबवता येत नाही.

आपल्या चिरंजीवांच्या हाती जे आहे तेही थोडके नाही. प्रोपेलरच्या फेऱ्यांवरून येणारे अंतर आणि प्रत्यक्ष कापलेले अंतर यांतला फरक, म्हणजे स्लिप, रोज दुपारच्या अहवालात नोंदवला जातो. हवामान व भार सारखे असतानाही तो महिनागणिक वाढत असेल, तर तळ किंवा प्रोपेलर साफ करण्याची वेळ झाली असे समजावे, आणि चीफ इंजिनिअरांना ते आकड्यांसह दाखवावे.