नीट रिपीट, की स्नायूंवर संशोधन?

तासगावच्या ताईंना नमस्कार.

तुमच्या लेकीला नीटमध्ये मार्क कमी पडले. बाबा म्हणतात, रिपीट कर. ती म्हणते, डॉक्टर नको, स्नायूंच्या आजारावर संशोधन करायचंय. मामेभावाला डुशेन, म्हणजे स्नायू कमजोर करत नेणारा जनुकीय आजार आहे, त्याच्याविषयी वाचताना तिला 'पेरिसाइट' पेशी सापडल्या. हे खूळ तर नाही ना, असं तुम्ही विचारलंत.

मुळीच नाही, ताई. सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांना बाहेरून बिलगून या पेशी त्यांना आधार देतात. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यातल्या याच पेशी फार लवकर मरू लागतात. स्नायूंत तर त्यांचं काम आणखी गुंतागुंतीचं. माणसाच्या स्नायूतल्या काही पेरिसाइटांपासून नवे स्नायुतंतू तयार होऊ शकतात, हे इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली दाखवलं. उंदरांवरच्या अभ्यासात मात्र वेगळ्या प्रकारच्या पेरिसाइट चरबी आणि व्रण वाढवताना दिसल्या. दुखावलेल्या स्नायूत कोणत्या प्रकाराला कशी चालना द्यायची, हा प्रश्न अजून खुला आहे. बारावीतली मुलगी तिथवर पोचली, याचं मला फार कौतुक वाटतं.

पण तिला एक गोष्ट जवळ बसवून सांगा. मिलानमध्ये डुशेनच्या ५ मुलांना रक्तवाहिन्यांजवळच्या अशाच पेशी देऊन पाहिल्या. २०१५ साली निष्कर्ष आले: उपचार बऱ्यापैकी सुरक्षित ठरला, ताकद मात्र वाढली नाही. भावाला बरं करण्याचं ओझं तिनं डोक्यावर घेऊ नये. विषय आवडतो म्हणून शिकावं.

रिपीटची सक्ती नको. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. त्यात ६० पैकी १५ प्रश्न गणिताचे असतात, तेव्हा गणित सोडलं असेल तर आत्ताच हाती घ्या. नाही जमलं तर सांगलीत विलिंग्डन कॉलेजला बी.एस्सी. आणि मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी., हाही उत्तम रस्ता. पीएच.डी. धरून दहाएक वर्षं जातील, हे बाबांना आधीच सांगा. नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं, म्हणजे तेव्हा घरून पैसे लागणार नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात वर्षातून एकदा प्रयोगशाळा सर्वांना पाहायला खुल्या असतात. बाबांनाही बरोबर न्या.