एका ओळीवरून शिपायाचं चरित्र कसं लिहायचं

तुम्ही लिहिलंय की म्युझियमच्या इंटर्नशिपमध्ये पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या मराठा शिपायांची चरित्रं करायचीयेत, काही नवीन लिहायची, काही आधीच्या मुलांनी लिहिलेली एडिट करायची, आणि हातात प्रत्येकाची एकच ओळ आहे: नंबर, नाव, वडिलांचं नाव, गाव, पलटण, मृत्यूची तारीख. मी बरीच वर्षं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढायला गेलेल्या आपल्या लोकांवर काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गाव पक्कं करा, बाकी सगळं नंतर. रेकॉर्डमधलं गाव साहेबाच्या कानाने ऐकून इंग्रजीत लिहिलेलं असतं, त्यात ळ नाही, ण नाही, ट आणि त एकच. आंबवडे घ्या. महाडला एक आहे, भोरला एक आहे, आणि मंडणगडला बाबासाहेबांचं मूळगाव आंबडवे आहे, इंग्रजीत दोन अक्षरं इकडची तिकडे झाली की माणूस भलत्याच तालुक्यात जाऊन बसतो. शिवाय जिल्हा तेव्हाचा धरा. कुलाबा म्हणजे आत्ताचा रायगड, आणि सिंधुदुर्ग 1981 पर्यंत वेगळा नव्हताच, मालवण-कणकवलीचा माणूस रत्नागिरीत सापडेल. नाव मोठ्याने वाचून बघा, डोळ्याला कळत नाही ते कानाला कळतं. मग गावात फोन करा, सरपंच, पोलीस पाटील, शाळेचे गुरुजी, कोणीतरी बोलतंच. बऱ्याच गावांत किती जण लढाईवर गेले आणि किती परत आले नाहीत याची दगडी पाटी असते, साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरीला आहे तशी, पण तिच्यावर आकडा असतो, नावं नसतात.

दुसरं, तारीख आणि पलटण कायम शेजारी ठेवून वाचा. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी मेसोपोटेमियात तुर्कांशी लढणाऱ्या ब्रिटिश हिंदी सैन्याच्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होत्या. 22 नोव्हेंबर 1915 ला बगदादजवळ टेसिफोनची लढाई सुरू झाली, तिथून माघार घेत हे लोक कुत या गावी आले, 7 डिसेंबरपासून तुर्कांचा वेढा पडला आणि 29 एप्रिल 1916 ला शरणागती. सुमारे 13 हजार लोक तुर्कांच्या कैदेत गेले. माझ्याकडे एकदा एक चरित्र तपासायला आलं, ‘कुतच्या रणांगणावर लढता लढता वीरमरण’, आणि वर तारीख ऑगस्ट 1916 ची! कुत पडून चार महिने झाले होते. तो बिचारा कैदी असणार, वाळवंटातून चालवत नेलेला, कदाचित सीरियातल्या रास-अल-ऐनच्या रेल्वेकामावर लावलेला. नंतर बाहेर आलेल्या यादीत त्याचं नाव कैदी म्हणूनच सापडलं. लिहिणाऱ्या मुलाचा हेतू चांगला होता, पण त्या एका वाक्याने त्या माणसाचे शेवटचे चार महिने पुसून टाकले होते.

म्हणून एडिट करताना विशेषणं आधी काढा. शूर, धाडसी, पराक्रमी हे पुरावा असेल तिथेच ठेवा. दुसऱ्या महायुद्धातले यशवंत घाडगे बघा, त्यांना 1944 मध्ये इटलीतल्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यांनी एकट्याने मशीनगनच्या मोर्च्यावर झडप घातली हे लिहून ठेवलेलं आहे, तिथे वाक्यच पुरतं, विशेषण लागत नाही. आणि आजाराने गेला असेल तर आजाराने गेला असंच लिहा, लाजायचं कारण नाही. कुतच्या वेढ्यात आपल्या पुष्कळ शिपायांनी धर्मापायी घोड्याचं मांस बराच काळ टाळलं, पीठ संपत आलं, स्कर्व्हीने, म्हणजे ताज्या भाज्या-फळांअभावी होणाऱ्या आजाराने, माणसं झिजली. ते सोसणं चरित्रात यायलाच हवं. पाणी वाहणारे भिस्ती, खेचरवाले, जखमींना उचलून नेणारे डोलीवाले यांनाही तेवढीच जागा द्या.

घरात चौकशी करताना मेडल मागा आणि कडा बघा, भिंग घेऊन. चांदीच्या वॉर मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेलं असतं. साबणाने घासून पुसट झालेलं असलं तरी तिरप्या उजेडात वाचता येतं. पुष्कळ घरांत मेडल वितळवून मोडलंय, त्याबद्दल कोणाला बोलू नका, तेव्हा चूल पेटायची होती.

एक सांगायचंय. बसरा मेमोरियलवर, म्हणजे इराकमधल्या युद्धस्मारकावर, आपल्या साध्या शिपायांची नावं कोरली नव्हती, पलटणीखाली नुसता आकडा. नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या युद्धातल्या मृतांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या रेकॉर्डमध्ये आहेत, आता ऑनलाइन शोधता येतात. एका घरी मी असाच रेकॉर्डची प्रिंट घेऊन गेलो. तिथल्या आजींनी सांगितलं, सासऱ्यांच्या थोरल्या भावाचं पान आम्ही सर्वपित्री अमावस्येला वाढतो, कारण तो कधी गेला ते कळलंच नाही, तिथी कुठली धरणार. प्रिंटवर तारीख होती. मग जुन्या पंचांगावरून तिथी काढून दिली, त्यांनी ती कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहून घेतली आणि मला म्हणाल्या, आता त्याला बाकीच्यांच्या पंगतीत बसवायला नको.

तुमच्या पंधरा-वीस ओळींत गाव लागत नसेल ते इथे टाका, इंग्रजी स्पेलिंग जसंच्या तसं ठेवून, दुरुस्त करू नका. कोकणातली आणि साताऱ्याकडची मी बघतो.