आधी टेम्पो थांबवा

प्रश्न : पाचगणीच्या एका जुन्या बंगल्यातला उभा पियानो मुलीसाठी घेत आहे. झाकणावर ‘सी. बेखश्टाईन, बर्लिन’ असं लिहिलंय. बंगला ज्या आजींचा, त्या दोन वर्षांपूर्वी वारल्या. विकणारे त्यांचे पुतणे. पियानो १८५३ चा आहे म्हणतात आणि साडेचार लाख सांगतात. दीड लाख विसार फोनवरून दिला आहे, पावती घेतली नाही. पट्ट्या मोजल्या, ८५ भरल्या. फोटो सोबत पाठवत आहे. कागदोपत्री अडचण नको म्हणून ‘बक्षीसपत्र करू’ असंही ते म्हणाले. साल आणि किंमत खरी आहे का, हे कसं पडताळायचं? रविवारी टेम्पो ठरवला आहे. पुढे मुलगी शिकायला जर्मनीला गेली तर पियानो तिकडे नेता येईल का?

उत्तर : अशी पत्रं सारखी येतात. कुणाचा पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन, कुणाचं लंडनचं घड्याळ, आता तुमचा पियानो. ‘खरं आहे का?’ हा प्रश्न सगळ्यांचाच असतो, आणि तो सगळ्यांना पैसे दिल्यावरच सुचतो. दीड लाख रुपये फोनवरून पाठवले आणि पावती नाही. भाजीवाल्याकडून सुटे पैसे मोजून घेतो आपण!

सालाचं आधी उरकतो, कारण ते सोपं आहे. १८५३ हे बेखश्टाईन कंपनीच्या जन्माचं साल. त्याच वर्षी न्यूयॉर्कला स्टाईनवे आणि लाइपझिगला ब्ल्यूथनर सुरू झाली, त्यामुळे जुन्या पियानोंच्या बाजारात हा आकडा फार फिरतो. पुतण्यांनी तो कुठेतरी वाचला आणि वाद्याला चिकटवला. तुम्ही पाठवलेल्या फोटोत आतल्या लोखंडी चौकटीवर पाच आकडी क्रमांक दिसतो. कारखाना उघडला त्या वर्षी दहा हजारावा पियानो बाहेर पडत नाही. कोणत्या वर्षी कोणत्या क्रमांकापर्यंत वाद्यं बनली, याचे तक्ते जाणकार ट्यूनरकडे, म्हणजे पियानोचे सूर लावणाऱ्याकडे, असतात. त्याच्याकडून तेवढं बघून घ्या. झाकणाच्या आत पदकांची चित्रं असतील तर त्यांवरची सालं प्रदर्शनांची असतात, पियानोची नव्हे. एखादी पट्टी बाहेर काढली तर तिच्या लाकडावर जुन्या ट्यूनरनं पेन्सिलीनं तारीख टाकलेली सापडते कधीकधी. तो पुरावा मला छापील तक्त्याहून जास्त आवडतो.

पट्ट्या मोजून ८५ भरल्या असं तुम्ही लिहिलंय. या अख्ख्या व्यवहारात तुम्ही केलेलं हे एकमेव शहाणपणाचं काम. आजचा पियानो ८८ पट्ट्यांचा असतो. ८५ म्हणजे वाद्य बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, किंवा त्यानंतर थोड्याच काळातलं.

आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खातं. त्या काळातल्या चांगल्या पियानोच्या पांढऱ्या पट्ट्यांवर हस्तिदंताची चकती चिकटवलेली असे. तुमच्या दुसऱ्या फोटोत प्रत्येक पांढऱ्या पट्टीवर, काळ्या पट्ट्या जिथे सुरू होतात तिथे, केसासारखी आडवी रेघ आहे. म्हणजे पुढचा तुकडा वेगळा, मागचा वेगळा. रंग पिवळसर आणि सगळीकडे सारखा नाही. ही हस्तिदंताची खूण. हाडाच्या पट्टीवर बारीक काळसर ठिपके दिसतात. सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक, एकसारखं गुळगुळीत असतं. शेवटचा शब्द ट्यूनरचा. पण तापलेली सुई टोचून बघण्याचा आचरटपणा कुणाला करू देऊ नका.

हस्तिदंत असेल, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधलं कलम ४३ सोडून बाकी काहीही आत्ता वाचू नका. ज्या वस्तूत वन्य प्राण्याचा कुठलाही भाग वापरला आहे ती वस्तू, आणि आयात केलेल्या हस्तिदंताची वस्तूसुद्धा, या कायद्यात ‘प्राणी-वस्तू’ ठरते. मालकाकडे मालकीचं प्रमाणपत्र असलं तरी कलम ४३ प्रमाणे ती विकता येत नाही, पैशाच्या मोबदल्यात दुसऱ्या कुठल्या वाटेनंही देता येत नाही. प्रमाणपत्र नसलं तर कलम ४० आडवं येतं : अशी वस्तू नव्यानं मिळवायला वारसा ही एकच वाट ठेवली आहे, आणि वारसानंसुद्धा ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकाकडे ती जाहीर करायची असते. आजींना जाऊन दोन वर्षं झाली. पुतण्यांनी जाहीर केलं का, हे विचारा. उत्तराची मला कल्पना आहे.

‘शंभर वर्षांपूर्वीचं आहे, तेव्हा कायदाच नव्हता’ हा युक्तिवाद मला रोज ऐकू येतो. या कायद्यात वयाची सवलत नाही. इंग्लंडच्या हस्तिदंत कायद्यात १९७५ पूर्वीच्या, २० टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेल्या वाद्यांना सूट आहे. ती तिथली, पाचगणीच्या घाटात चालत नाही. ‘हा आफ्रिकेचा हत्ती, आपला नव्हे’ असंही म्हणता येईल, पण आयात हस्तिदंताची पळवाट १९९१ च्या दुरुस्तीनं बुजवली. सायबेरियातल्या मॅमथचा, म्हणजे हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या जनावराचा दात तरी विकू द्या, म्हणून व्यापारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. २००३ साली तेही हरले. तुमच्यासारख्या एका पियानोवर नेमकं कोणतं कलम किती ताणलं जाईल, यावर वकील तासभर भांडू शकतात. ते भांडण तुमच्या नावाच्या खटल्यात व्हायला नको, एवढंच मला हवंय. हत्ती या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. त्या गुन्ह्याला किमान तीन वर्षं कैद, कमाल सात.

(गंमत अशी की २०२२ च्या दुरुस्तीनं प्रमाणपत्र असलेला जिवंत हत्ती अटींवर दुसऱ्याला देता येतो. पन्नास पांढऱ्या पट्ट्यांचा पियानो मात्र नाही.)

बक्षीसपत्राचं नाव पुन्हा काढू नका. दीड लाखाची नोंद बँकेत असताना बक्षीस लिहून देणं म्हणजे विक्री लपवायची होती याचा पुरावा स्वतःच्या सहीनं तयार करणं. पुतण्यांना कायद्याचं काही माहीत नाही म्हणावं, तर ही युक्ती त्यांना सुचली कशी?

टेम्पो थांबवा म्हणतो ते वन्यजीव कायद्याच्या कलम ५७ मुळे. वस्तू ज्याच्या ताब्यात, त्याचा ताबा बेकायदा आहे असं गृहीत धरलं जातं. तो कायदेशीर आहे हे दाखवण्याचं ओझं त्याच्यावर. रविवारपर्यंत ते ओझं पुतण्यांच्या डोक्यावर आहे. पियानो तुमच्या जिन्यावरून वर गेला की तुमच्या.

आता विसार. कायद्यानं मनाई केलेल्या गोष्टीचा करार भारतीय करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे मुळातच रद्दबातल, आणि असा करार घेऊन येणाऱ्याला कोर्ट सहसा मदत करत नाही. पण व्यवहार पुरा व्हायच्या आत, अजाणतेपणी अडकलेल्यानं पाय मागे घेतला, तर पैसे परत मागायला जागा राहते. किती जागा, ते न्यायाधीशावर. दाव्याचा निकाल लागेपर्यंत मुलगी पियानो शिकून शिकवायलाही लागेल, म्हणून नोटीस-दाव्याच्या आधी साधा लेखी निरोप पाठवा, आजच : पट्ट्या हस्तिदंताच्या असाव्यात असं कळलं, त्यामुळे वस्तू घेणार नाही, अमुक तारखेला दिलेले दीड लाख परत करावेत. शिवीगाळ नको, धमकी नको. खुद्द पुतण्यांना हे प्रकरण वनखात्यापर्यंत न्यायचं नसणार. तुमची बाजू बळकट आहे ती तेवढ्यामुळेच.

पट्ट्या काढून वनखात्याकडे रीतसर जमा केल्या, पोच घेतली आणि प्लास्टिकच्या बसवल्या, तर मग विकता येईल का? कदाचित. ते पुतण्यांनी त्यांच्या वकिलाला विचारावं, तुमच्या पैशानं नव्हे. जर्मनीचं विसरा : शंभर वर्षांवरची पुरातन वस्तू देशाबाहेर न्यायला १९७२ चाच वेगळा कायदा आडवा येतो, आणि हस्तिदंत असेल तर नेण्याचा प्रश्नच येत नाही.

ट्यूनर म्हणाला सेल्युलॉइड आहे, तर हा साधा व्यवहार. तेव्हा किंमत मात्र नीट बघा. व्हायोलिन जुनं होतं तसं गोड होतं म्हणतात. पियानो जुना होतो तसा सुटत जातो. पाचगणीच्या पावसाळ्यात शंभर वर्षं काढलेल्या लाकडात तारा ताणून धरणाऱ्या खुंट्या सैल झाल्या असतील, तर साडेचार लाखांत तुम्ही नक्षीदार कपाट घेताय. किंमत चुकली म्हणून करार मोडता येत नाही. करार कायद्याच्या कलम २० खालचं स्पष्टीकरण तसं सरळ सांगतं. साल चुकलं तर मोडता येऊ शकेल, पण ते साल विकणाऱ्यानंच सांगितलं होतं हे दाखवता आलं तर. तेव्हा पावतीवर कंपनीचं नाव, क्रमांक, अंदाजे साल आणि पट्ट्या कशाच्या, हे पुतण्यांच्या हस्ताक्षरात घ्या. ‘१८५३’ लिहून द्यायला ते तयार झाले, तर मला कळवा.