कवळी सुटते म्हणून दुसरी करायच्या आधी औषधांचा डबा उघडा

नेरूळच्या एका काकूंचं पत्र आलंय, थोडं छोटं करून देते: "ताई, माझं वय ६८. दोन वर्षांपूर्वी वरखाली पूर्ण कवळी बसवली. आधी छान बसायची, पण हल्ली काही महिने तोंड इतकं कोरडं पडतं की जीभ टाळूला चिकटते आणि वरची कवळी बोलता बोलता खाली येते. भजनी मंडळात अभंग म्हणताना सुटली, तोंडाला पदर लावून बसले, तेव्हापासून गेलेच नाही. बीपी-शुगरची औषधं आहेत, लघवीला सारखं जावं लागतं म्हणून एक गोळी नवीन सुरू झालीये, झोपेचीही एक आहे. मुलगा म्हणतो नवीन कवळी करू. रात्री मी कवळी काढत नाही, नात जवळ झोपते, तिने मला तसं बघू नये असं वाटतं. तोंड ओलं राहावं म्हणून खडीसाखर चघळते, पण खालच्या हिरडीला एक जागा सोलवटलीये. काय करू?"

काकू, मुलाला सांगा जरा थांब. आधी छान बसायची असं तुम्हीच लिहिलंय ना, मग सगळा दोष कवळीवर कशाला? वरची कवळी टाळूला धरून राहते ती मधल्या लाळेच्या पातळ थरामुळे, दोन ओल्या ताटल्या एकमेकींना कशा घट्ट चिकटून बसतात तसंच, आणि तो थर सुकला की कितीही महागाची कवळी करा ती खाली येणारच. शिवाय कोरड्या हिरडीवर कवळी घासते, म्हणून सोलवटतं.

आता तुमच्या गोळ्या. लघवीची घाई कमी करणाऱ्या बऱ्याच गोळ्या, म्हणजे ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सोलिफेनासिन वगैरे, मूत्राशयाला जाणारा जो संदेश अडवतात तसाच संदेश लाळेच्या ग्रंथींनाही जात असतो, तोही अडतो. झोपेसाठी अमिट्रिप्टिलिन असेल तर तीही तोंड सुकवते, सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यासुद्धा. आणि एक गोष्ट मला जास्त खटकली, ती म्हणजे सारखी लघवी आणि तोंडाला कोरड ही दोन्ही शुगर वाढल्याची लक्षणंही असतात! एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, शेवटची कधी केली होती? सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरा आणि फॅमिली डॉक्टरांच्या टेबलावर ओता, तोंडी नावं सांगू नका. गोळी बदलता येते, डोस कमी करता येतो, पण स्वतःच्या मनाने एकही बंद करायची नाही, बीपीची तर नाहीच. डोळेही कोरडे, चुरचुरत असतील तर तेही सांगा, लाळ आणि अश्रू दोन्ही आटवणारा एक आजार असतो.

खडीसाखर मात्र आजपासून बंद. शुगर आहे म्हणून तर झालंच, पण कवळीखाली बुरशी वाढते तिलाही साखर आयती मिळते. त्याऐवजी साखर नसलेली गोळी चघळा, पाण्याचे छोटे छोटे घोट घेत राहा. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं नसेल तर दिवसा व्यवस्थित प्या, संध्याकाळनंतर कमी करा. ठाण्याच्या लोकलमध्ये बसायचंय म्हणून सकाळपासून घोटही न घेणाऱ्या बायका मला माहितीयेत, तुम्ही त्यातल्या नसाल अशी आशा. चहा जरा कमी, लवंग आणि सुपारी नको, अल्कोहोल असलेलं माउथवॉश तर अजिबात नको. केमिस्टकडे कृत्रिम लाळेचा स्प्रे किंवा जेल मिळतं. जेवणाआधी आणि भजनाला निघताना वापरून बघा, कवळीही ओली करूनच बसवा. भाकरी आमटीत कुस्करून खा, सोबत ताक घ्या, कोरडा चिवडा सध्या राहू दे.

रात्रीचं आता. झोपेत लाळ तशीही कमी होते आणि तुम्ही रात्रभर हिरड्या झाकून ठेवता, म्हणजे बुरशीला मोकळं रान. कवळी काढायचीच, मऊ ब्रशने साध्या साबणाने घासायची (टूथपेस्टने चरे पडतात), नीट धुऊन गार पाण्यात ठेवायची, गरम पाण्यात वाकडी होते. आणि नातीचं म्हणाल तर तिला आजीची कवळी दिवसाढवळ्या मुद्दाम दाखवा की! पोरं दोन दिवस हसतात, मग तीच मैत्रिणींना कौतुकाने सांगत सुटतात. लाज आपल्यालाच जास्त वाटत असते, असं माझं मत.

या आठवड्यात दाताच्या डॉक्टरांकडे मात्र जाच. हिरडी झिजली असेल तर आहे त्याच कवळीला आतून नवा थर देऊन म्हणजे रिलायनिंग करून बऱ्याचदा भागतं, टाळू लाल असेल, ओठांचे कोपरे फाटले असतील तर बुरशीचं औषध देतील. प्रायव्हेट परवडत नसेल तर नेरूळ, खारघरला डेंटल कॉलेजं आहेत, वेळ लागतो पण खर्च कमी येतो. तोवर घरात जमेल तेवढा वेळ कवळी काढून ठेवा. सोलवटलेली जागा दाखवल्याशिवाय परत येऊ नका, आणि डॉक्टरांनी कवळी घासून नीट केल्यावरही ती जागा दोन आठवड्यांत भरली नाही तर दुखत नसली तरी पुन्हा जाऊन दाखवायची.