गाठ नाही, मग बायोप्सी कशाची?

प्रश्न : माझी धाकटी जाऊ ४४ वर्षांची आहे. महिन्याभरापूर्वी तिचा डावा स्तन लाल होऊन सुजला. ताप नाही. दहा दिवस अँटिबायोटिक घेऊनही फरक नाही. मॅमोग्राफीत गाठ दिसली नाही, तरी डॉक्टर बायोप्सी करा म्हणतात. सासूबाई म्हणतात, सुई लावली की रोग पसरतो. थोडं थांबावं का?

उत्तर : थांबू नका. सुईने कॅन्सर पसरतो ही भीती निराधार आहे. इथे घातक ठरतो तो उशीर. डॉक्टरांना शंका आहे ती इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सरची. हा प्रकार विरळा, पण झपाट्याने वाढणारा. यात कॅन्सरच्या पेशी त्वचेखालच्या बारीक लसिकावाहिन्यांत, म्हणजे शरीरातला पाण्यासारखा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांत, अडकतात. तिथला द्रव तुंबतो, म्हणून स्तन जड, गरम, लाल होतो आणि कातडी संत्र्याच्या सालीसारखी खड्डेदार दिसते. सावळ्या रंगावर लाली जांभळट किंवा तपकिरी वाटते, ती सहज नजरेतून सुटते. गाठ बरेचदा नसतेच; त्यामुळे मॅमोग्राफीत गाठ नाही म्हणून निर्धास्त होता येत नाही.

बायोप्सी म्हणजे तपासणीसाठी तुकडा काढणं. तो दोन ठिकाणचा घेतात : सोनोग्राफीत संशयास्पद दिसलेल्या भागाचा जाड सुईने, आणि लाल कातडीचा पंचने, म्हणजे छोट्या गोल पात्याच्या उपकरणाने, काही मिलिमीटरचा. जागा बधिर करतात, भरती व्हावं लागत नाही. कातडीत रोगाच्या पेशी सगळीकडे सारख्या नसतात, म्हणून नुसता पंच निर्दोष आला तरी शंका फिटत नाही. काखेची सोनोग्राफीही सोबतच करून घ्या. त्याच तुकड्यावर ईआर, पीआर (कॅन्सरच्या पेशींवरचे हार्मोन रिसेप्टर) आणि हर-२ (पेशींची वाढ चेतवणारं प्रथिन) तपासायला सांगा. औषधं त्यावरून ठरतात.

निदान झालंच तर ‘आधी कापून टाका’ असा आग्रह धरू नका. आधी केमो, मग पूर्ण स्तन आणि काखेतल्या लसिकागाठी काढणं, शेवटी रेडिएशन, हाच क्रम. सुजलेल्या कातडीत आधीच सुरी लावली तर कापलेल्या भागाच्या कडेला रोग राहून जातो.

प्रश्न : बाळ दीड महिन्याचं आहे. स्तन लाल, थंडीताप. हाही कॅन्सरच का?

उत्तर : बहुतेक दूध तुंबून झालेला संसर्ग. आजच डॉक्टरांना दाखवा, पाजणं थांबवू नका. औषध सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत उतार पडायला हवा. तसा न पडला, तर पू धरलाय का हे पाहायला लगेच सोनोग्राफी करा. कोर्स संपूनही लाली राहिली तर दुसऱ्या अँटिबायोटिकवर दिवस घालवण्याआधी बायोप्सीचं विचारा.