हेडबँगिंग: आपटायला काही नसताना आपटणं

एका वाचकाचा प्रश्न आहे: 'माझा मुलगा रॉकच्या कार्यक्रमांना जाऊन हेडबँगिंग करतो. नातू झोपण्याआधी पाळण्याच्या कठड्यावर डोकं आपटायचा, त्यालाही डॉक्टर हेडबँगिंगच म्हणाले. आणि परवा एका इंग्रजी लेखात ब्रिटनमधल्या काही खासदारांना हेडबँगर म्हटलेलं वाचलं. हा शब्द एक की तीन? आधीचा अर्थ कुठला? आणि मराठीत याला काय म्हणायचं?'

शब्द एकच, आणि तुमच्या घरात वयाने सर्वात लहान असलेल्याचा अर्थ सर्वात जुना. 'बँग' हे क्रियापद इंग्रजीत सोळाव्या शतकापासून आहे. ते बहुधा उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन भाषांतून आलं, तिथे 'बांगा' म्हणजे हातोडीने ठोकणं. म्हणजे मुळात ठोकणारा हवा आणि ज्यावर ठोकायचं तेही हवं. बालरोगतज्ज्ञांचा वापर या मुळाला धरून आहे. काही बाळं साधारण सहा ते नऊ महिन्यांची झाली की झोपेच्या वेळी उशीवर किंवा कठड्यावर तालात डोकं आपटू लागतात. बहुतेकांची ही सवय तीन-चार वर्षांची होईपर्यंत सुटते. झपर्ट नावाच्या डॉक्टरांनी 1905 मध्ये या सवयीला लांबलचक लॅटिन नाव दिलं होतं, पण आयांना आणि डॉक्टरांना 'डोकं आपटणं' हेच सोपं पडलं. रॉक संगीताने शब्द उचलण्याआधी तो पाळण्यात होता.

संगीताच्या अर्थाची एक कथा सगळीकडे सांगतात. जानेवारी 1969, लेड झेपलिन या ब्रिटिश बँडचा पहिला अमेरिका दौरा, बॉस्टनमधला 'बॉस्टन टी पार्टी' नावाचा क्लब. पुढच्या रांगेतली पोरं गाण्याच्या ठेक्यावर रंगमंचाच्या कडेवर डोकी आपटत होती, आणि तिथून हेडबँगर निघाले. दुसरी कथा मोटरहेड या बँडच्या चाहत्यांची: 'मोटरहेडबँगर्स' मधला 'मोटर' गळला आणि शब्द उरला. ऐकायला ही जास्त गोड आहे, पण मोटरहेड जन्मला 1975 मध्ये आणि त्याच्या नावातला 'हेड' वेगळाच. 'मोटरहेड' हा उत्तेजक गोळ्या खाणाऱ्यासाठीचा अमेरिकी बोलीतला शब्द. असल्या 'हे गळलं, ते उरलं' छापाच्या व्युत्पत्तींवर माझा विश्वास पटकन बसत नाही.

मला गंमत वाटते ती पुढच्या टप्प्याची. बॉस्टनच्या कथेत निदान आपटायला लाकूड तरी आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हेवी मेटल या रॉकच्या दणदणीत प्रकाराचे श्रोते जे करू लागले त्यात डोकं कशावरच आपटत नाही. मान वरखाली, केस मोकळे, फार तर पवनचक्कीसारखं गरगर. क्रियापद तेच राहिलं, ज्यावर आपटायचं ते गेलं. आणि मग इंग्रजीने उलटी उडी मारली: हेडबँगिंग, हेडबँगर या नामांवरून 'हेडबँग' हे क्रियापद पाडलं, जसं 'बेबीसिटर'वरून 'बेबीसिट' पाडलं होतं.

बाहेर काही आपटत नसलं तरी आत आपटतं, हे डॉक्टरांनी दाखवून दिलं. ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या 2008 च्या नाताळ अंकात दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी थोड्या मिश्कीलपणे पण खरा हिशेब मांडला: अशा गाण्याची सरासरी लय मिनिटाला 146 ठोके, आणि मान 75 अंशांपेक्षा जास्त फिरली तर डोक्याला सौम्य इजेचा धोका. 2014 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या एका पन्नाशीच्या गृहस्थाची हकीकत आली. मोटरहेडच्या कार्यक्रमात मान हलवून आल्यावर कवटीच्या आत रक्तस्राव. ते बरे झाले. चिरंजीवांना हा परिच्छेद वाचून दाखवायला हरकत नाही.

खासदारांचं काय? ब्रिटनमध्ये, विशेषतः स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या बोलीत, हेडबँगर म्हणजे डोकं फिरलेला, आवरता न येणारा माणूस. राजकारणात हे बिरुद टोकाच्या, तडजोड न मानणाऱ्यांना चिकटतं. हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या युरोपविरोधी खासदारांना ते पुष्कळदा मिळालं. आपला 'माथेफिरू' याच्या अगदी जवळचा. संगीतवाल्यांनी मात्र हीच शिवी छातीवर मिरवली. 1987 मध्ये एमटीव्हीने हेवी मेटलच्या कार्यक्रमाला थेट 'हेडबँगर्स बॉल' असं नाव दिलं.

आता मराठी. बाळासाठी 'डोकं आपटणं' पुरेसं आहे. 'डोकेफोड' नको, ती आपण ऐकत नसलेल्या माणसाशी करतो. गाण्यासाठी 'मान डोलावणं' सुचवलं जातं, पण ती मैफलीतल्या रसिकाची दाद झाली. तिच्यात मिनिटाला 146 ठोके मावायचे नाहीत. माझं मत 'घुमणं'ला. अंगात आलेली बाई केस सोडून, ढोलाच्या नाहीतर संबळाच्या ठेक्यावर घुमते, ते दृश्य आणि मेटलच्या पहिल्या रांगेतलं दृश्य यात फरक फार तर टी-शर्टचा. शिवाय मराठीत आवाजही घुमतो, पारवाही घुमतो. नाद आणि डोक्याचं फिरणं एकाच क्रियापदात, ही सोय इंग्रजीत नाही.

अडचण एकच. 'घुमणारा' म्हणायचं, 'घुम्या' नाही. घुम्या म्हणजे तोंडातून शब्द न काढणारा.