एनएसएसच्या शिबिरात वनराई बंधारा बांधायचा आहे, गटप्रमुख म्हणून तयारी कशी करू?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात बीएस्सी ॲग्रीचं दुसरं वर्ष, जानेवारीत सात दिवसांचं शिबिर, 50 मुलं-मुली, भोर तालुक्यातलं गाव.

वनराई बंधारा म्हणजे मातीने भरलेली सिमेंटची पोती रचून ओढ्यावर घातलेला तात्पुरता बांध. आधी तो शिबिरातून बाहेर काढा. जानेवारीपर्यंत बहुतेक ओढ्यांत अडवण्याजोगं पाणी उरत नाही, फोटो तेवढा छान येतो. पाऊस थांबून धार बारीक झाली की, म्हणजे ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर, हे काम करायचं. एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजना) शिबिराशिवाय वर्षाला 120 तास नियमित काम करावंच लागतं, त्यातले एक शनिवार-रविवार इथे लावा.

जागा बघताना पात्र अरुंद, दोन्ही काठ घट्ट आणि वरच्या अंगाला उतार कमी हवा. सरपंचांशी बोला, पण त्याआधी दोन्ही काठांच्या शेतकऱ्यांशी. खालच्या अंगाला कोणाची मोटर असेल तर त्यांनाही विचारा, नाहीतर रात्रीत पोती निघतात.

आता हिशोब. बंधारा 6 मीटर लांब, 1 मीटर उंच, तळ 2 मीटर आणि माथा 60 सेंटीमीटर रुंद धरला तर सुमारे 7.8 घनमीटर भरतो. सिमेंटचं रिकामं पोतं पाऊण भरलं की साधारण 25 लिटर माती बसते, म्हणजे 310 पोती. बांधकामांवरून आणलेल्यांत फाटकी निघतातच, 350 आणा. पोतं गच्च भरू नका. गच्च पोतं गोल राहतं, शेजारच्याला चिकटत नाही आणि फटीतून पाणी जातं. पाऊण भरलेलंही 35-40 किलोचं होतं, दोघांनी उचलायचं.

शनिवारी पाच-पाच जणांच्या सहा टोळ्या करा: दोघं फावड्यावर, एक तोंड धरायला, एक दाभण-सुतळी घेऊन शिवायला, एक रचून ठेवायला. टोळीला ताशी दहा पोती जमतात. उरलेल्यांनी तळाची वाळू-गोटे काढून घट्ट थर उघडा करायचा आणि दोन्ही काठांत अर्धा मीटर खाच घ्यायची. हे कंटाळवाणं काम सगळे टाळतात. बंधारे वाहून जातात ते मात्र इथूनच, तळातून नाहीतर कडेने.

रचाई रविवारी एका दमात पुरी करा. विटांसारखी सांधेमोड, शिवलेलं तोंड आतल्या बाजूला, फटींत चिकणमाती. मधला भाग काठांपेक्षा एक थर खाली ठेवा, म्हणजे जादा पाणी मधून सांडेल, काठ खाणार नाही.

नेतृत्वाबद्दल विचारलंत, तर दर दोन तासांनी कामं फिरवा आणि स्वयंपाकाची पाळी चिठ्ठ्या टाकून ठरवा. नाहीतर मुली चुलीपाशी, मुलगे फावड्यावर, आणि प्रमुख शिट्टी घेऊन उभा. तुम्ही स्वतः पहिले दोन तास तळ उकरायला उतरा.

जानेवारीच्या शिबिरात भातानंतर मोकळ्या पडलेल्या खाचरांतून मातीचे नमुने घ्या. एका खाचरात 8-10 ठिकाणी व्ही आकाराचे 20 सेंटीमीटर खोल खड्डे, बांध आणि उकिरड्यापासून लांब. माती एकत्र करून अर्धा किलो ठेवायची. तेव्हाच बंधाऱ्याची गळती बुजवा. मे अखेरीस पोती कोण काढणार, त्या दोन-तीन मुलांची नावं आत्ताच वहीत लिहून ठेवा. उन्हाने विरलेली पोती पहिल्या पुरात खालच्या खाचरांत जातात.